ट्रिपला पुस्तकं नेताय? मग या चुका टाळा

निघायच्या आदल्या रात्री कपाटासमोर उभं राहून हे घेऊ की ते घेऊ करत चार पुस्तकं बॅगेत कोंबायची आणि परत आल्यावर बघावं तर एकही पंचविसाव्या पानापुढे गेलेलं नाही, माझं बरीच वर्षं हेच चाललं होतं आणि दरवेळी खरंच वाईट वाटायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरी वाचून होत नाही ते जाडजूड पुस्तक "तिकडे निवांत वेळ मिळेल" म्हणून नेणं. ट्रिपमधला वेळ निवांत नसतो हो, तुकड्यातुकड्यात मिळतो. गाडीची वाट बघताना वीस मिनिटं, झोपायच्या आधी दहा, त्यात दिवसभर फिरून डोळे मिटायला लागलेले असतात. अशा वेळी कथासंग्रह, ललित लेख, पत्रं असलं काहीतरी हवं, जे कुठेही सोडता येतं आणि परत उचलता येतं. सलग दहा-बारा तासांचा ट्रेनचा प्रवास असेल तर मात्र कादंबरीच घ्या, तिच्यासाठी याहून चांगली जागा नाही.

आणि थोडा हिशोब करा. ३०० पानांचं पुस्तक आरामात वाचलं तरी सात-आठ तास घेतं. चार दिवसांच्या ट्रिपमध्ये एवढा वेळ खरंच आहे का? साध्या पेपरबॅकचं वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम धरा, हार्डकव्हर त्याच्या दुप्पटही भरतं, आणि बऱ्याच विमानांत केबिन बॅगेला सातच किलो चालतात.

कोरं, न उघडलेलं पुस्तक नेऊ नका. घरी पहिली वीस पानं वाचा, पकड घेतली तरच बॅगेत. उलट ज्याची चाळीसच पानं उरलीत ते घरीच संपवा, नाहीतर पहिल्या दिवशी संपतं आणि मग नुसतं ओझं.

दोन पुस्तकं घेणार असाल तर दोन्ही एकाच मूडची नकोत. एक गंभीर असेल तर दुसरं हलकं घ्या, कारण थकल्यावर पहिलं नको वाटतं आणि तसलंच दुसरं तर त्याहून नको वाटतं.

ई-बुकवाल्यांची नेहमीची चूक अशी की कव्हर दिसतंय म्हणजे पुस्तक डाउनलोड झालंय असं धरून चालतात. घरीच नेट बंद करून प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघा. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवा, आणि वाचायचं पुस्तकही तिथेच.

घाटात, बसमध्ये वाचताना मळमळतं? डोळे स्थिर पानावर असतात पण कानाच्या आतल्या भागाला वळणं जाणवत असतात, मेंदूला दोन वेगळे निरोप जातात आणि त्रास सुरू होतो. पुस्तक बदलून हे थांबत नाही, नजर बाहेर लांब ठेवा आणि ऑडिओबुक ऐका.

सही असलेलं, कुणी प्रेमाने दिलेलं किंवा आता छापलं न जाणारं पुस्तक मात्र अजिबात नेऊ नका. माझं एक असंच बाटली सांडून भिजलं, पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. तेव्हापासून मी प्रवासाला दुसरीकडे सहज मिळेल अशीच प्रत नेते, तीही झिपच्या पाउचमध्ये घालून.