पातळ केस, हलका रंग: मला शेवटी काय जमलं

माझे केस रेशमाच्या धाग्यासारखे, आईच्या वळणाचे. गेल्या दिवाळीआधी एका पार्लरमध्ये हायलाइट्स करून घेतले. ब्लीचमध्ये मिसळायचं द्रव, म्हणजे डेव्हलपर, तब्बल 40 व्हॉल्यूमचं, म्हणजे 12 टक्के पेरॉक्साइडचं, आणि वरून हीटर! धुताना केस च्युइंगमसारखे ताणले गेले आणि कपाळाजवळची बट चक्क हातात आली.

आठ महिने नुसती टोकं कापत राहिले. मग मैत्रिणीच्या ओळखीच्या ताईंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "मेंदी लावतेस का? पुडीतली काळी?" (तिच्यात कधी कधी धातूंचे क्षार असतात; ब्लीच लागलं की केस तापून जळतात.) मी नाही म्हटलं, तरी कानामागच्या बटेवर चाचणी केलीच. मग ती बट ओली करून बोटांत ताणली. ती परत आखडली, तेव्हा कुठे तयार झाल्या.

या वेळी डेव्हलपर 10 व्हॉल्यूम, 3 टक्के. बटा अगदी बारीक, मुळापासून बोटभर सोडून, कारण टाळूच्या उबेनं तिथला रंग लवकर उडतो. हीटर नाही. दर 5 मिनिटांनी फॉइल उघडून, ब्लीच पुसून बघायचं. काळे केस आधी तांबूस होतात, मग नारिंगी, मग पिवळे. आम्ही नारिंगीवरच थांबलो आणि टोनरनं (ब्लीचनंतर छटा बदलायला लावतात तो हलका रंग) मधाळ तपकिरी छटा आणली.

फोटोतला सोनेरी रंग काही आला नाही. थोडा हिरमोड झालाच. ताई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी बघू. केस कुठे पळून जात नाहीत."