मटेरियल सायन्सच्या पहिल्या सत्रात या चुका टाळा

मटेरियल सायन्स म्हणजे पाठांतराचा विषय, हा समज वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे वारसाहक्काने येतो. व्याख्या पाठ, आयर्न-कार्बन डायग्राम (किती कार्बनला, कोणत्या तापमानाला स्टीलची रचना कशी असते ते दाखवणारा आलेख) पाठ, त्यावरची तापमानं पाठ. मग गणितात उत्तर हजारपट चुकतं आणि प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली नुसते ओरखडे दिसतात. खालच्या बहुतेक चुका एकाच जागी उगवतात: हातातला आकडा किंवा आलेख नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे न बघता तो वापरून टाकला जातो.

ताठपणा, ताकद, कठीणपणा, चिवटपणा

या चारांची सरमिसळ ही सगळ्यात मोठी चूक. प्रश्न असा असतो: एक शाफ्ट भाराखाली गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि भार काढला की पुन्हा सरळ होतो, उपाय सुचवा. विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात, ‘माइल्ड स्टीलऐवजी हीट ट्रीटमेंट केलेलं अलॉय स्टील वापरा.’ माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणानंतर वाकणं कायमचं होतं) साधारण २५० मेगापास्कल, क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) टेम्पर केलेल्या (पुन्हा थोड्या तापवलेल्या) अलॉय स्टीलची सहज १००० च्या घरात. पण यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप? दोघांचा जवळजवळ २०० गिगापास्कलच. म्हणजे शाफ्ट आधी जितका वाकत होता तितकाच वाकणार, खर्च मात्र वाढणार.

कारण सोपं आहे. यील्ड स्ट्रेंथ डिसलोकेशन (क्रिस्टलच्या रचनेतले रेषेसारखे दोष) किती सहज सरकतात यावर ठरते, आणि त्यांची वाट कार्बन, अलॉइंग किंवा क्वेंचिंगने अडवता येते. मॉड्युलस अणूंमधल्या बंधांवर ठरतो. ते बंध थोड्याफार अलॉइंगने किंवा हीट ट्रीटमेंटने फारसे बदलत नाहीत. शाफ्टचं वाकणं कमी करायचं तर व्यास वाढवा. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे व्यास २० टक्के वाढवला की वाकणं निम्म्याच्याही खाली येतं.

चिवटपणाबाबतची गफलत जास्त महागात पडते. टेन्साइल टेस्टमध्ये छान ताणलं गेलेलं स्टील थंडीत, खाचेजवळ, काचेसारखं तडकू शकतं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये धक्क्याला बांधलेलं ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात जवळजवळ दुभंगलं. म्हणून ‘हे मटेरियल डक्टाइल (न तुटता ताणलं जाणारं) आहे’ असं लिहिताना तापमान आणि खाच यांचा विचार झालाय का, ते बघा. चार्पी टेस्ट (खाच असलेला नमुना एका फटक्यात तोडून लागलेली ऊर्जा मोजणं) अभ्यासक्रमात उगाच नाही.

स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हवरच्या (ताण आणि त्याने होणारी प्रमाणातली लांबीवाढ यांच्या आलेखावरच्या) छोट्या चुका पटकन सांगतो. यील्ड स्ट्रेंथ काढताना घ्यायचा ०.२ टक्के ऑफसेट म्हणजे स्ट्रेनच्या अक्षावर ०.००२, ०.२ नव्हे. मॉड्युलस गिगापास्कलमध्ये आणि स्ट्रेस मेगापास्कलमध्ये ठेवून भागाकार केला की उत्तर हजारपट फुगतं. पडताळणीसाठी एक आकडा लक्षात ठेवा: स्टीलमध्ये १०० मेगापास्कल स्ट्रेसला स्ट्रेन ०.०००५, म्हणजे एक मीटर दांडा अर्धा मिलिमीटर लांबतो. आणि कमाल बिंदूनंतर कर्व्ह खाली येतो तो मटेरियल दुबळं झालं म्हणून नव्हे. नेकिंगमुळे (नमुना एका जागी बारीक झाल्याने) आडवा छेद आक्रसतो, आपण मात्र मूळ क्षेत्रफळानेच भागत राहतो. ट्रू स्ट्रेस (त्या क्षणीच्या खऱ्या क्षेत्रफळावरचा ताण) तुटेपर्यंत वाढतच असतो.

क्रिस्टलच्या गणितांत तीनच गोष्टी सांभाळा. एफसीसीमध्ये (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू असलेल्या रचनेत) अणू फेस डायगोनलवर एकमेकांना टेकतात, बीसीसीमध्ये (कोपऱ्यांवर आणि घनाच्या मध्यभागी अणू असलेल्या रचनेत) बॉडी डायगोनलवर. इथे अदलाबदल झाली की पुढचं सगळं वाया. नॅनोमीटर हा सेंटीमीटरचा एक कोटीवा भाग आहे आणि घनफळ काढताना तो एक कोटीही तीनदा घ्यावा लागतो. मिलर इंडायसेस (क्रिस्टलमधलं प्लेन ओळखायचे आकडे) काढताना प्लेन ओरिजिनमधून जात असेल तर ओरिजिन शेजारच्या कोपऱ्यावर हलवा, शून्याचा व्यस्त काढत बसू नका. घनतेचं उत्तर खऱ्या घनतेशी ताडून बघायला अर्धा मिनिट लागतो: तांब्याची अणुत्रिज्या ०.१२८ नॅनोमीटर घेतली की घनता प्रति घन सेंटीमीटर ८.८९ ग्रॅम यायला हवी.

लिव्हर रूल

मिश्रणात कोणती फेज किती, हे फेज डायग्रामवरून काढायचा हा नियम. इथे गुण सगळ्यात जास्त गळतात. ०.४ टक्के कार्बनचं स्टील ७२७ अंश सेल्सिअसच्या किंचित खाली आहे असं समजा. युटेक्टॉइड बिंदू (ज्या कार्बनला हळू थंड होणारं स्टील सगळं पर्लाइट, म्हणजे फेराइट-सिमेंटाइटच्या एकाआड एक पट्ट्या, बनतं) काही पुस्तकांत ०.७६, काहींत ०.७७ किंवा ०.८ दिलेला असतो. एक धरा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. मी ०.७६ घेतो.

एकूण फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंडाची मऊ फेज) किती? टाय लाइनची (त्या तापमानाच्या आडव्या रेषेची) टोकं ०.०२२ आणि ६.७. उत्तर सुमारे ९४ टक्के फेराइट आणि ६ टक्के सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं कठीण संयुग). पर्लाइट किती? आता टोकं ०.०२२ आणि ०.७६. उत्तर सुमारे ५१ टक्के पर्लाइट आणि ४९ टक्के प्रोयुटेक्टॉइड (पर्लाइटच्या आधी तयार झालेलं) फेराइट. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिलं फेजचं प्रमाण सांगतं, दुसरं मायक्रोस्कोपमध्ये दिसणाऱ्या घटकांचं. उरलेलं ४५ टक्के फेराइट पर्लाइटच्या पट्ट्यांत दडलेलं आहे. पर्लाइट ही फेज नाही, हे इथेच पक्कं होतं.

जवळची भुजा घ्यायची की लांबची, असा गोंधळ झाला तर सूत्र आठवू नका. तुमचं कॉम्पोझिशन ज्या टोकाच्या जवळ, ती फेज जास्त. उत्तर याच्या उलट आलं तर भुजा उलटी घेतली आहे.

मार्टेन्साइट (क्वेंच केल्यावर मिळणारी कठीण फेज) आयर्न-कार्बन डायग्रामवर शोधू नका. फेज डायग्राम समतोलाची गोष्ट सांगतो, त्यात वेळ नाहीच. वेळ हवा तर टीटीटी (वेळ-तापमान-रूपांतर) डायग्राम, आणि तोही एका स्थिर तापमानाला धरून ठेवलेल्या नमुन्यासाठी. सतत थंड होणाऱ्या नमुन्याचा तिरका कर्व्ह त्यावर ओढला तर अंदाज थोडा चुकतो, कारण सीसीटी (सतत थंड होणाऱ्या नमुन्याचे) कर्व्ह उजवीकडे आणि खाली सरकलेले असतात.

क्वेंच करूनही नमुना मऊच?

बहुतेकांचा पहिला संशय पाण्यावर किंवा तेलावर जातो. त्याआधी हे तपासा. कार्बन पुरेसा आहे का? ०.१ टक्के कार्बनच्या स्टीलकडून फार अपेक्षा ठेवू नये. नमुना खरोखर ऑस्टेनाइटच्या (क्वेंचआधीच्या गरम फेजच्या) पट्ट्यात पोचला होता का? भट्टीचा डिस्प्ले भट्टीचं तापमान दाखवतो, नमुन्याच्या गाभ्याचं नाही. भट्टीतून टाकीपर्यंत नेताना वेळ गेला का? नमुना जाड आहे का? साध्या कार्बन स्टीलची हार्डनेबिलिटी (खोलवर कठीण होण्याची क्षमता) कमी असते, त्यामुळे कडा कठीण आणि गाभा मऊ राहतो. एवढं करूनही पृष्ठभागच मऊ लागत असेल तर भट्टीतल्या हवेने वरच्या थरातला कार्बन खाल्लेला असू शकतो. तो थर घासून काढा आणि पुन्हा मोजा.

डिफ्युजनच्या (घन पदार्थात अणू सरकण्याच्या) गणितात केल्विनऐवजी सेल्सिअस टाकणं ही जुनी खोड. ऑस्टेनाइटमधल्या कार्बनसाठी ॲक्टिव्हेशन एनर्जी १४८ किलोज्यूल प्रति मोल धरून, ११७३ केल्विनऐवजी नुसते ९०० टाकले तर डिफ्युजन कोइफिशंट जवळपास १०० पट कमी येतो. किलोज्यूलचे ज्यूल करायला विसरलात तर उत्तर इतकं अशक्य येतं की निदान चूक लपत तरी नाही.

मायक्रोस्कोपखाली काहीच धड दिसत नाही

नमुना आरशासारखा चमकतोय पण ग्रेन दिसत नाहीत, याचा अर्थ एचिंग (आम्लाने पृष्ठभाग किंचित खाणं) राहिलं. स्टीलसाठी २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल), काही सेकंद. पृष्ठभाग किंचित मंद झाला की लगेच धुवायचं, अल्कोहोल टाकून वाळवायचं. सगळं काळं दिसत असेल तर एचिंग जास्त झालं, पुन्हा पॉलिश करा. सरळ समांतर ओरखडे दिसले तर कापडावर कितीही वेळ घासून उपयोग नाही, मागच्या पेपरकडे परत जा. प्रत्येक पेपरला नमुना ९० अंशांत फिरवा, आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि मध्ये नमुना धुवा, नाहीतर जाड पेपरचे कण बारीक पेपरवर येतात.

हायपोयुटेक्टॉइड (युटेक्टॉइडपेक्षा कमी कार्बनच्या) स्टीलमध्ये गडद दिसणाऱ्या भागाकडे बोट दाखवून ‘हा कार्बन’ असं तोंडी परीक्षेत सांगू नका. तो पर्लाइट आहे. मॅग्निफिकेशन कमी असल्याने त्याच्या पट्ट्या वेगळ्या दिसत नाहीत, एवढंच. मॅग्निफिकेशन वाढवा आणि त्या पट्ट्या परीक्षकांना दाखवा.