बी.ई.नंतर एम.टेक.: गेटच्या स्कोअरवर प्रवेश कसा घ्यावा

गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा. तिचा अभ्यास कसा करायचा हे सांगणारे ढिगाने आहेत, त्यात भर नको. एवढंच लक्षात ठेवा: १०० पैकी १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे असतात, आणि न्युमेरिकल व एमएसक्यू (एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात अशा) प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून ते कोरे सोडू नका. स्कोअर तीन वर्षं चालतो.

चांगला स्कोअर असूनही जागा हुकते ती निकालानंतर. त्याला बहुतेक वेळा कोॲप, म्हणजे आयआयटींच्या ऑफरचं सामाईक पोर्टल, कारणीभूत असतं. ‘कोॲपवर नोंदणी केली की सगळ्या आयआयटींना अर्ज गेला’ हे साफ चूक आहे. कोॲपवर आयआयटींच्या ऑफर फक्त दिसतात आणि त्यांना उत्तर देता येतं. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा, फी वेगळी, शेवटची तारीखही वेगळी. त्या अर्जात कोॲपचा नोंदणी क्रमांक टाकायचा, म्हणून कोॲपची नोंदणी आधी उरका.

ऑफर आल्यावर तीनच पर्याय असतात. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ केलंत की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. ‘रिटेन अँड वेट’मध्ये एकच ऑफर हातात राहते. समजा स्ट्रक्चरल आणि जिओटेक्निकल अशा दोन आल्या आणि तुम्ही स्ट्रक्चरल रिटेन केलं, तर जिओटेक्निकल गेलं. ‘रिजेक्ट अँड वेट’ म्हणजे आलेल्या सगळ्यांवर पाणी. नाकारलेला कोर्स त्याच संस्थेकडून पुन्हा येत नाही. ‘पुढच्या फेरीत कटऑफ उतरेल’ या भरवशावर पहिल्याच फेरीत रिजेक्ट दाबणं म्हणजे शुद्ध जुगार. हातातली ऑफर चालण्यासारखी असेल तर रिटेन करा. रिटेन किती वेळा करता येतं ते त्या वर्षीच्या नियमांत बघून ठेवा, आणि प्रत्येक फेरीत लॉगिन करून मुदतीआधी पर्याय निवडा.

त्यासाठी ऑफर येण्याआधीच कागदावर पसंतीक्रम लिहा. संस्थेच्या नावापेक्षा स्पेशलायझेशन वर ठेवा, असं माझं स्पष्ट मत. दोन वर्षं तोच विषय करायचा आहे, पाटी मिरवायची नाही.

एनआयटींसाठी सीसीएमटी, म्हणजे एम.टेक.च्या जागांचं केंद्रीय समुपदेशन. ते सोपं आहे: पसंतीच्या यादीत हवी ती जागा सगळ्यात वर भरा. ‘मिळणार नाही’ म्हणून तिला खाली ढकललंत तर नुकसान तुमचंच. ती वर ठेवल्याने खालच्या जागांची संधी कमी होत नाही. खुल्या गटाला पदवीत ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए लागतो. सीजीपीएला घरच्या घरी दहाने गुणू नका, विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र काढा.

गेट पात्र असलेल्यांना मिळणारं विद्यावेतन महिन्याला १२,४०० रुपये आहे. नोकरी सोडून येणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

ओबीसी उमेदवारांनो, राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला हवा. तहसीलचं काम रेंगाळतं, म्हणून एप्रिल लागताच अर्ज टाका.