फोटोतली काळपट पट्टी

भर दुपारी आजी पडवीत तांदूळ निवडत होती, मागे अंगणात लख्ख ऊन. फ्लॅश पहिल्यांदाच कॅमेऱ्यावरून काढून बाजूला स्टँडवर लावला. चेहरा सुरेख आला, पण फोटोच्या खालच्या भागात काळपट पट्टी. सूप आणि आजीचे हात अंधारात! ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारे रेडिओ यंत्र) बिघडला समजून सेल बदलले, चॅनेल बदलून पाहिला. पट्टी तशीच.

चूक शटर स्पीडची होती. ऊन आवरायला मी तो १/४०० सेकंद ठेवला होता. इतक्या वेगात शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटायला लागतो, त्यामुळे फ्लॅश उडतो तेव्हा सेन्सर अर्धवट झाकलेला असतो. माझ्या कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅश उडताना सेन्सर पूर्ण उघडा राहील असा सर्वांत जास्त शटर स्पीड, १/२००. मी १/१६० वर आलो (साध्या ट्रिगरला किंचित उशीर होतो, म्हणून थोडी जागा सोडलेली बरी) आणि पट्टी गेली.

ऊन आवरायला आता आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) लहान, एफ/११. फ्लॅश मॅन्युअलवर, पाव पॉवर, पांढऱ्या छत्रीतून, आजीपासून तीन फुटांवर. छत्री जवळ आणली तशी सावली मऊ झाली. बोटांत अडकलेला एक खडासुद्धा स्पष्ट दिसला.