कोल्हापुरातून मुंबईच्या लॉ फर्मला इंटर्नशिपचा अर्ज कसा करावा

सीव्ही तयार आहे, कॉलेजचं बोनाफाईड आणि एनओसी मिळते आहे, ईमेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा आहे, हे सगळं धरून चालतो. ते नसेल तर एका दुपारचं काम आहे, उरकून या.

आधी दोन सल्ले डोक्यातून काढून टाका. पहिला, 'शंभर फर्मना मेल टाक, एक तरी लागेल.' शंभर ठिकाणी जाणारा मेल शंभर ठिकाणी सारखाच असतो आणि उघडणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. दहा-बारा अर्ज नीट करा. दुसरा, 'नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचा शिक्का नसेल तर नाद सोड.' त्या शिक्क्याचा फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोल्हापूरच्या मुलांचे अर्ज बहुतेकदा शिक्क्याअभावी पडत नाहीत. अर्जासोबतच्या पत्राच्या, म्हणजे कव्हर लेटरच्या, दुसऱ्या परिच्छेदात सांगण्यासारखं काही नसतं, किंवा असून लपवलेलं असतं, म्हणून पडतात.

आधी महिना ठरवा

मे, जून आणि डिसेंबर टाळता आले तर टाळा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सुट्या त्याच काळात असतात आणि झुंबड तिथेच उडते. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्च किंवा ऑगस्ट-सप्टेंबर बघा, पण सत्तर टक्के हजेरीचा नियम आणि विद्यापीठाची परीक्षा सांभाळून. वेळापत्रक पुढेमागे सरकतंच, म्हणून अर्जात एक नव्हे, दोन कालावधी द्या, तेही तारखांसह. 'एनी टाइम' लिहू नका. मोठ्या फर्मसाठी किमान चार ते सहा महिने आधी हालचाल करा.

बार कौन्सिलच्या नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. त्यामुळे मागणी चार आठवड्यांचीच करा. त्याच नियमात खालच्या आणि अपिलाच्या कोर्टातल्या वकिलांकडे एकदा तरी काम करण्याची अट आहे. ती आधी इथेच पूर्ण करा. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही (फिरतं खंडपीठ) शहरात बसतं, म्हणजे अपिलाच्या कामासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. मुंबईच्या अर्जात लिहायचा माल याच आठवड्यांत गोळा होतो. रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा: कोणत्या प्रकारची फाइल, तुम्ही काय केलं, काय सापडलं. ही वही नसेल तर पुढचा सगळा भाग कोरडा जाईल.

फर्म नव्हे, टीम निवडा

फर्मच्या वेबसाइटवर टीम वेगवेगळ्या दिलेल्या असतात: कॉर्पोरेट, बँकिंग, वाद-विवाद (म्हणजे खटले आणि लवाद), रिअल इस्टेट, बौद्धिक संपदा. दोन पसंत्या लिहा. 'कुठेही चालेल' म्हणणाऱ्याला बहुधा कुठेच घेत नाहीत, कारण अर्ज कोणाकडे पाठवायचा हे एचआरला कळत नाही.

सीव्ही

एक पान, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. सीजीपीए असेल तर कितीपैकी ते लिहा. पैसे भरून छापून आणलेले 'आंतरराष्ट्रीय जर्नल'मधले लेख आणि दोन दिवसांच्या वेबिनारची प्रमाणपत्रं काढून टाका. त्यांनी पान भरतं आणि वजन घटतं.

कव्हर लेटर: इथे घोळ होतो

अर्ज बहुतेक इथेच मरतात, म्हणून इथे थांबतो.

पहिलं कारण आपल्या शाळेत आहे. अर्ज म्हटला की हात आपोआप 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की' असं लिहू लागतो, आणि त्याचंच इंग्रजी होतं: 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट'. हा तहसील कचेरीतला अर्ज झाला. फर्मला तुमची विनवणी नको असते. 'या मुलाच्या हातात फाइल दिली तर तो काय करेल' एवढंच तिला बघायचं असतं. 'सर ऑर मॅडम'ही नको. संबंधित पार्टनरचं नाव वेबसाइटवर असतं. पोर्टलवरून अर्ज असेल तर 'रिक्रूटमेंट टीम' पुरे.

दुसरं कारण म्हणजे विशेषणं. हे वाक्य बघा: 'मला कॉर्पोरेट कायद्याची प्रचंड आवड असून आपल्या नामांकित फर्ममध्ये शिकण्याची संधी मिळाल्यास मी पूर्ण निष्ठेने काम करीन.' यात खोटं काही नाही, पण कळतंही काही नाही. आता उदाहरणादाखल हे बघा: 'दिवाणी-फौजदारी काम करणाऱ्या वकिलांकडे चार आठवडे होतो. चेक न वटल्याच्या अकरा फायलींचा तारखांचा तक्ता केला: बँकेचा मेमो कधी आला, नोटीस कधी गेली, कधी पोचली, फिर्याद कधी दाखल झाली. एका फाइलमध्ये नोटीस चौतिसाव्या दिवशी गेली होती. चेकची मुदत शिल्लक होती, म्हणून तो पुन्हा बँकेत भरून नव्याने नोटीस द्यावी असं टिपण दिलं.'

वाचणारा इथे थांबतो. कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, नोटीस बँकेच्या मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत जावीच लागते आणि तो उशीर माफ होत नाही. नोटीस पोचल्यावर चेक देणाऱ्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर फिर्याद दाखल करायला एक महिना. या शेवटच्या टप्प्यातला उशीर मात्र सबळ कारण दाखवलं तर कोर्ट माफ करू शकतं. हा फरक ज्याला फाइल हाताळताना कळला, त्याने 'अटेन्शन टू डिटेल' हे शब्द लिहिण्याची गरज नाही. ते शब्द लिहूच नका.

तिसरं कारण सगळ्यात वाईट. मुलं कोल्हापूर लपवतात. सातबारा, फेरफार, चेकच्या केसेस, कारखान्याची भांडणं हे 'लोकल' काम मुंबईत सांगण्यासारखं नाही असं समजून वगळतात आणि त्या जागी कुठल्यातरी ऑनलाइन कोर्सचं नाव घालतात. अगदी उलट करा.

रिअल इस्टेट टीमला लिहित असाल तर टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीचा शोध, सांगा: अमुक क्षेत्राच्या गटाचा तीस वर्षांचा शोध घेतला, सूची दोनचे (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीचे) उतारे आणि फेरफार जुळवले, सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा सापडला, म्हणजे परवानगी घेतल्याशिवाय किंवा कायद्यातल्या अटी पाळल्याशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही. भोगवटादार वर्ग दोन (हस्तांतरणावर बंधनं असलेली जमीन) म्हणजे काय, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेताना कलम ६३ कसं आडवं येतं, हे तुम्ही तलाठ्याच्या दारात शिकला आहात. हस्ताक्षरातला जुना फेरफार वाचून त्याचं इंग्रजी टिपण करता येणं हे कौशल्य मुंबईतल्या अनेक इंटर्नकडे नसतं, आणि जमिनीच्या व्यवहारात त्याची गरज रोज पडते. मोडी वाचता येत असेल तर तेही लिहा, पण खरंच येत असेल तरच. मुलाखतीत कोणी जुन्या खरेदीखताचा फोटो पुढे केला तर तो वाचावाच लागतो, मोडीचं प्रमाणपत्र कामी येत नाही.

वाद-विवाद टीमसाठी शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फाउंड्री (धातूचं ओतकाम करणारा कारखाना) हा उत्तम विषय आहे. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं झालं पाहिजे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. हे एमएसएमई कायद्याचं कलम १५ आणि १६. करारात लवादाचं कलम असलं तरी त्याच कायद्याखालच्या, थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या महाकाली फूड्स प्रकरणात सांगितलं. एखाद्या फाउंड्रीच्या थकबाकीचा व्याजाचा हिशेब तुम्ही एक्सेलमध्ये मांडला असेल तर पत्रात त्याचीच एक ओळ लिहा. उसाच्या बिलातही हाच धागा आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर), नाहीतर १५ टक्के व्याज.

लिहिण्याची रीत अशी. इंग्रजीत सुरुवात करू नका. बार रूममध्ये सीनियरला सांगता तसं आधी मराठीत कागदावर उतरवा: फाइल कसली, मी काय केलं, काय सापडलं, त्यामुळे पुढे काय बदललं. मगच इंग्रजी करा. सरळ इंग्रजीत लिहायला बसलं की डोकं तपशील सोडून ऐकलेल्या वाक्यांकडे धावतं. चॅटबॉटकडून लिहून घेतल्यावर नेमकं हेच होतं, आणि त्या साच्याची पत्रं एकाच दिवशी पाच आली की ओळखू येतात. व्याकरण तपासायला वापरा, मजकूर स्वतःचा ठेवा.

सगळं मिळून अडीचशे शब्द, तीन परिच्छेद. पहिल्यात तुम्ही कोण, कितवं वर्ष, कोणती टीम, कोणत्या तारखा. दुसऱ्यात वर सांगितलेलं काम, एक किंवा दोनच फायली. तिसऱ्यात हीच टीम का, आणि त्यात टीमचं एखादं प्रसिद्ध झालेलं प्रकरण किंवा व्यवहार आणि त्याचा तुमच्या कामाशी संबंध. फर्मचं नाव बदलूनही तिसरा परिच्छेद तसाच टिकत असेल तर तो काढून टाका. नावांच्या बाबतीत खास सावध राहा. सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास या २०१५ पासून दोन वेगळ्या फर्म आहेत. एकीचं पत्र दुसरीला गेलं की ते तिथेच संपलं.

आणि दोन इशारे. पक्षकाराचं नाव, दाव्याचा नंबर, सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा केसचा ओळख क्रमांक) पत्रात कधीही घालू नका. ई-कोर्ट्सवर सगळं दिसतं हे मान्य, पण तुम्ही आज वकिलांच्या अशिलाचं नाव सांगता म्हणजे उद्या फर्मच्या अशिलाचंही सांगाल, असा अर्थ निघतो. कामाचा उल्लेख करण्याआधी सीनियरना विचारा. दुसरा इशारा 'ड्राफ्टेड' या शब्दाबद्दल. निशाणी पाचचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज सीनियरनी सांगितला, टायपिस्टने टाइप केला आणि तुम्ही तपासला, तर 'तपासला' असंच लिहा. मुलाखतीत 'मग विनंती काय होती?' एवढा एकच प्रश्न पुरतो.

लेखनाचा नमुना

मागितला तर दोन पानं. मूट कोर्टचं (कॉलेजच्या सराव खटल्याचं) तीस पानी मेमोरियल कोणी वाचत नाही. एक प्रश्न घ्या आणि उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या. बौद्धिक संपदेच्या टीमसाठी विषय दारातच आहे: कोल्हापुरी चप्पलचं भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांच्या नावावर आहे, मग परदेशी ब्रँडने तसलीच चप्पल काढली तर १९९९ च्या कायद्याखाली दावा कोण लावू शकतो? प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाचा. अस्तित्वात नसलेला निकाल नमुन्यात सापडला तर पुढच्या खेपेलाही दार बंद.

पाठवणे

पोर्टल असेल तर पोर्टलवरच, मेल वेगळा नको. मेलच्या विषयात टीम, महिना, नाव. अडीच-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नाही. फोन तर नाहीच. ओळखीच्या वकिलांनी शब्द टाकला तर चांगलंच, पण त्यांच्या मोबाइलवरून सीव्ही फॉरवर्ड करायला लावू नका.

मुलाखत

बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर, थोडक्यात. प्रश्न सीव्हीतलेच येतात, त्यामुळे लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. कलमं तोंडपाठ नसतील तर 'बघून सांगतो' म्हणा, अंदाज ठोकू नका. लवाद कायद्याच्या कलम ३४ ची, म्हणजे लवादाचा निवाडा रद्द करून मागण्याची, मुदत विचारली तर 'तीन महिने' म्हणा, 'नव्वद दिवस' नाही. कायद्यात महिने आहेत आणि दोन्हींत काही दिवसांचा फरक पडू शकतो. इंग्रजीचा उच्चार कोल्हापुरी असला तर असू दे. घाईघाईने बोलून शब्दांचं शेपूट गिळणं जास्त त्रासाचं ठरतं.

होकार आला की त्याच दिवशी लेखी उत्तर द्या, बाकीच्या ठिकाणचे त्याच तारखांचे अर्ज मागे घ्या आणि कॉलेजकडून हजेरीची सवलत लेखी घ्या. स्टायपेंड धरून हिशेब मांडू नका, मिळाला तर मिळाला. राहण्याची सोय लोअर परळ किंवा नरिमन पॉइंटपासून एका लोकलच्या अंतरावर बघा. आणि महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट रुजू होण्याच्या आदल्या रात्रीचं नको, दोन रात्री आधीचं काढा. गाडी लेट झाली तर पहिल्याच दिवशी कारण सांगत उभं राहावं लागतं.