कंदवेलींवर डिझर्टेशन घेताय? आधी वेलीचा वेढा बघा

डायोस्कोरियावर (कोनफळ-कारांद्यासारख्या कंदवेलींच्या वंशावर) काम करायचं ठरवलं असेल तर जून ते दिवाळी घरच्या कामाला तुम्ही नाही, हे आत्ताच सांगून टाका. पावसाला कंद फुटतो, हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं. जानेवारीत फील्डला जाणं म्हणजे एसटीचे पैसे वाया. मराठवाड्यात ही वेल सगळीकडे भेटत नाही. किनवट-माहूरचं जंगल, नाहीतर गौताळा गाठावा लागतो.

एकदलिकित (बीत एकच दल असलेली) असून पानात शिरांचं जाळं, हे तुम्हाला माहीत आहेच. शेंडवेल (पेंटाफायला) संयुक्त (एका देठावर अनेक पर्णिकांच्या) पानावरून लगेच कळते. घोळ साध्या पानांत. तिथं 'की' (जात ओळखायची प्रश्नावली) विचारते, वेल डावी की उजवी? मी याच ओळीवर लई दिवस अडकले होते, म्हणून सावकाश सांगते.

वेलीसमोर उभं राहा. आधाराच्या पुढून जाणारा वेढा डावीकडून वर उजवीकडे चढला तर ती उजवी. कोनफळ (अलाटा) असं चढतं. उजवीकडून वर डावीकडे गेला तर डावी, म्हणजे कडू कारांदा (बल्बिफेरा). 'घड्याळाच्या काट्याप्रमाणे' असं वहीत लिहूच नका. एकच उजवी वेल वरून पाहिली तर काट्यांच्या उलट, खालून पाहिली तर सुलट फिरताना दिसते. फांदी उलटी धरली तरी वेढा तोच राहतो; सेल्फी कॅमेऱ्याच्या आरसा-फोटोत मात्र बदलतो. आणि वेल सोडवून प्रेसमध्ये (नमुना दाबून वाळवायच्या चौकटीत) घातली की बसा अंदाज बांधत. आधाराच्या काडीसकट कापा.

पानाच्या बगलेत कंदिका (वेलीवरच येणारा छोटा कंद) दिसली की 'बल्बिफेरा' म्हणून मोकळे होणारे व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगानं आहेत. अहो, कंदिका शेंडवेलीलाही येतात, कोनफळालाही!

नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. मादी सापडली नाही म्हणून रडू नका, नर फुलोऱ्यावरही बरंच काम निघतं. फळ मिळालंच तर बी उघडून बघा: कारांद्याच्या बीला एकाच बाजूला पंख, कोनफळाच्या बीला सभोवती.

कंद चाखून ओळखायचा शहाणपणा अजिबात नको. जंगलातली माणसं कडू कंद पुन्हा पुन्हा उकडून, पाणी फेकून खातात, ते उगीच नाही. कळलावीही कंदाचीच वेल, आणि तिचा कंद जीव घेतो. तिच्या पानाच्या टोकाला ताणा असतो. डायोस्कोरियाला ताणे नसतात, खोडच वेढे घेतं.

अभयारण्यात जायचं असेल तर वनविभागाकडे अर्ज उन्हाळ्यातच टाका, आणि कंद खोदणार असल्याचं त्यात स्पष्ट लिहा.