तपकिरीची चिनी कुपी: छाप सगळ्यात शेवटी बघा

बडोद्यात रावपुऱ्यात माझं चष्म्यांचं दुकान आहे. टेबलावर दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, म्हणून जुनं घर आवरताना सापडलेली कुपी लोक माझ्याकडे आणतात. आणतात ती उलटी धरूनच: "बुडाला चार चिनी अक्षरं आहेत, बादशाही असेल ना हो?" अहो, बुड राहू द्या. आधी काच बघू.

पहिलं म्हणजे कुपी धुवू नका. काही कुप्यांचं चित्र आतून काढलेलं असतं, वाकड्या टोकाच्या बारीक लेखणीनं. आत पाणी गेलं की चित्राचं वाटोळं. बाहेरून नख हलकेच फिरवा. रंगाचा उठाव नखाला लागला तर मीनाकाम बाहेरून आहे. आतलं चित्र असेल तर वर नुसती गुळगुळीत काच.

आता ती काच की चिनी माती? दुधी काच भल्याभल्यांना चकवते. तोंडाच्या कडेला भिंग लावा, मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारा. अंगात बारीक बुडबुडे दिसले तर काच. चिनी मातीच्या बुडाची कडा बहुधा झिलईविना कोरडी असते आणि टवका उडाला असेल तर झिलईचा थर वेगळा दिसतो. कमाटी बागेतल्या म्युझियममधली चिनी भांडी आधी नीट पाहून आलात तर हे पटकन कळेल.

खरी गंमत मीन्यात आहे. मीना म्हणजे रंगीत काचेचीच पूड. ती वितळून कुपीला धरली पाहिजे, पण कुपी स्वतः वितळता कामा नये, आणि दोन्हींच्या वितळण्यात अंतर थोडंच. भट्टी जरा चढली की कुपीचं अंग बसतं, कमी पडली की रंग कच्चा, खरखरीत राहतो. त्यात एकदा भाजून भागत नाही. प्रत्येक खेपेला तोच जुगार. चिनी मातीला ही धास्ती नसते. कांगशी बादशहानं 1696 मध्ये बीजिंगला काचेचा कारखाना काढला, तो किलियान श्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली. कांगशीचा नातू छ्यानलोंग बादशहा (कारकीर्द 1736 ते 1795) याच्या काळात हे काम भरात आलं.

म्हणून भिंग गुलाबी पाकळीवर न्या. हा गुलाबी सोन्यापासून करत. चांगल्या हाताच्या कामात तो कडेला गडद आणि आत विरत पांढऱ्यात मिसळलेला दिसतो. एकसारखा सपाट लेप दिसला की मी तरी कुपी खाली ठेवतो.

आता करा उलटी. छ्यानलोंगच्या नावाची छाप पुढेही सर्रास घातली गेली. 1930 च्या दशकात बीजिंगमध्ये ये बंगछी या कारागिरानं मीनाकामाच्या काचेच्या कुप्या केल्या, आणि त्या इतक्या सुबक आहेत की आज त्यांनाही गिऱ्हाईक आहे. जाणकाराला फोटो पाठवायचा झाला तर छापेआधी तोंडाची कडा, एक पाकळी आणि बुडाची कडा अशा क्रमानं पाठवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून.